सोलां, आगळ आणि ऑनलाइन दुकान

आमच्याकडे आमसुलांना सोलां म्हणतात. सिंधुदुर्गातल्या कुडाळपासून चौदा किलोमीटर आत आमचं गाव. मे महिन्यात इथे जवळजवळ प्रत्येक अंगणात सोलां वाळत असतात. रातांबे, म्हणजे कोकमाची पिकलेली फळं, फोडायचे, बिया आणि गर वेगळा काढायचा, सालं उन्हात घालायची, मीठ घातलेल्या रसात भिजवायची, पुन्हा उन्हात घालायची. पाच-सहा वेळा असं केलं की सालाला तो गडद रंग आणि लोभस आंबटपणा येतो. हे सगळं पाऊस पडायच्या आत उरकावं लागतं. सासूबाईंचं अख्खं आयुष्य या कामात गेलंय आणि त्यांच्या हातची सोलां मुंबईचे चाकरमानी आठवणीने मागून नेतात.

२०२२ च्या मे महिन्यात मी हा माल पहिल्यांदा ऑनलाइन बाजारात, म्हणजे अनेक विक्रेते माल लावतात अशा वेबसाइटवर, विकायला लावला, तेव्हा नाव दिलं ‘घरगुती सोलां, २०० ग्रॅम’. नवऱ्याने केळीच्या पानावर सोलां ठेवून सुंदर फोटो काढले. अकरा दिवस एकही ऑर्डर आली नाही. बाराव्या दिवशी डोंबिवलीच्या नणंदेचा फोन आला. “वहिनी, तुझा माल मलासुद्धा सापडत नाहीये. कोकम लिहून बघितलं, आमसूल लिहून बघितलं. तू नाव काय दिलंयस?”

माल चांगला असला की गिऱ्हाईक आपोआप येतं, असं मी धरून चालले होते. अंगणात ते खरं होतं, कारण तिथे माणूस एक सोल तोंडात टाकून बघतो. फोनवर तो फक्त शब्द टाइप करतो. सुरतेची बाई डाळीत घालायला ‘कोकम’ शोधते, पुण्याची ‘आमसूल’ शोधते, आणि ‘सोलां’ शोधणाऱ्याच्या घरी ती आधीच डबाभर असतात. नाव बदलून ‘कोकम (आमसूल), आमटी आणि सोलकढीसाठी’ केलं आणि त्या आठवड्यात चार ऑर्डरी आल्या.

आम्ही या वाटेला का गेलो तेही सांगते, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच होता. दरवर्षी एक व्यापारी टेम्पो घेऊन गावात येतो. त्या वर्षी त्याचा भाव होता किलोला दीडशे रुपये. दादरच्या दुकानात त्याच सोलांचे चारशे पडतात, हे मी स्वतः बघून आले होते. मधले अडीचशे कोण खातं? ऑनलाइन विकलं की मधला माणूस जाईल आणि ते अडीचशे आमच्या घरात येतील, असा माझा साधा हिशेब होता. बचत गटाच्या बैठकीत मी तो मोठ्याने मांडलाही होता.

पहिली ठेच कागदपत्रांपाशी लागली. चाळीस लाखांपर्यंत उलाढाल असेल तर जीएसटी नको, असं मला गावात तिघा-चौघांनी सांगितलं होतं. माल विकणाऱ्यांसाठी ती मर्यादा आहेही. पण ऑनलाइन बाजारातून विकणाऱ्याला त्या वेळी पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. कुडाळच्या कर सल्लागारांनी हे सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसेना. पुढे १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम थोडा सैल झाला आणि आपल्याच राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्याला नोंदणीशिवाय, नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन विकता येऊ लागलं. आम्हाला त्याचा उपयोग नव्हता. आमच्या निम्म्याहून जास्त ऑर्डरी गुजरातच्या आणि इंदूरकडच्या. जीएसटीची लहान व्यापाऱ्यांसाठीची कंपोझिशन योजना घेतली की कर कमी आणि कटकट कमी, असाही एक सल्ला मिळाला होता. तो ऐकला असता तर ऑनलाइन बाजारात पायच ठेवता आला नसता, कारण १ ऑक्टोबर २०२३ पूर्वी अशा बाजारातून माल विकणाऱ्याला ती सवलत मिळत नव्हती.

घर सासऱ्यांच्या नावावर, म्हणून जीएसटीच्या अर्जाला त्यांचं संमतिपत्र, घरपट्टीची पावती आणि लाइट बिल जोडलं. नंबर आला. मग वाटलं, सुटलो. पण पावसात दोन-तीन महिने विक्री नसली तरी शून्याचं विवरणपत्र भरावंच लागतं, आणि चुकलं की दिवसाला वीस रुपये विलंब शुल्क. आम्ही ते एकदा भरलंय. बाजारवाले प्रत्येक विक्रीवर टीसीएस, म्हणजे आपल्या पैशांतून आधीच कापून ठेवायचा कर, म्हणून एक टक्का कापत (१० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का), आणि मी वर्षभर ते पैसे गेलेच असं समजत होते. ते आपल्याच नावावर सरकारकडे जमा असतात. पोर्टलवर जाऊन स्वीकारले की आपल्या रोकड खात्यात येतात. हे कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, म्हणून मी आता सगळ्यांना सांगते.

अन्न परवान्याचा मात्र मला उगाच धाक होता. बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला तेव्हा साधी नोंदणी पुरत होती आणि वर्षाला शंभर रुपये फी होती. ते काम सगळ्यात सोपं निघालं. लेबलं मात्र एकदा वाया गेली. किंमत, वजन, तारीख, पत्ता, हिरवा ठिपका, चौदा आकडी परवाना क्रमांक असं सगळं छापलं आणि ग्राहक तक्रारीसाठी फोन नंबर द्यायचा राहिला. पाचशे लेबलं पुन्हा छापावी लागली.

आता वजनाचं सांगते. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पैसे इथे गेले, आणि नव्याने सुरू करणारं कुणीही याबद्दल विचारत नाही. सगळे कमिशन किती ते विचारतात.

आगळाची, म्हणजे रातांब्याच्या खारवलेल्या रसाची, अर्ध्या लिटरची बाटली आम्ही घरून १२० रुपयांना देत होतो. ऑनलाइन १९९ ला लावली. वाटलं, एकोणऐंशी रुपये जास्त, बाजाराचं कमिशन जाऊन पन्नासेक तरी सुटतील. पहिल्या विक्रीचा हिशेब खात्यात आला तो असा: कमिशन १८ रुपये, प्रत्येक ऑर्डरमागचं ठरावीक शुल्क १२ रुपये, वाहतूक ७५ रुपये. या १०५ रुपयांच्या सेवेवर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे १८ रुपये ९० पैसे. एकूण १२३ रुपये ९० पैसे कापून ७५ रुपये १० पैसे हातात आले. बाटली, बूच, लेबल, बबलचा कागद आणि खोका मिळून २४ रुपये. उरले एक्कावन्न. रातांबे, मीठ आणि मजुरी धरून अर्धा लिटर आगळ आम्हाला घरातच पंचावन्नला पडतं. म्हणजे बाटलीमागे चार रुपये पदरचे, शिवाय विक्रीवरचा कर अजून धरलेलाच नव्हता. सेवेवरच्या जीएसटीचं क्रेडिट त्या करात वळतं होतं हे नंतर कळलं, पण त्याने घाटा भरून निघत नव्हता.

मूळ दुखणं त्या ७५ रुपयांत होतं. वाहतुकीचे टप्पे असतात. पाचशे ग्रॅमपर्यंत एक दर, त्यापुढे एक किलोपर्यंत दुसरा. आगळात मीठ असल्यामुळे अर्धा लिटर पाचशे ग्रॅमच्या वरच भरतं, त्यात बाटली आणि खोका धरला की सातशेच्या पुढे. म्हणजे आमचं आगळ कायम एक किलोच्या दराने जाणार. बाटली कितीही काळजीने निवडली तरी ते पाचशेत बसणार नव्हतं.

सोलांचं तर याहून विचित्र झालं. सोलां हलकी. दोनशे ग्रॅमचं पाकीट पाचशेच्या टप्प्यात सहज जाईल म्हणून मी निर्धास्त होते. पण त्यांनाही दर एक किलोचाच लागायला लागला. मी दोन दिवस तक्रारी लिहीत होते. शेवटी खोक्यावर पट्टी ठेवून मोजलं तेव्हा उलगडलं. स्वस्त मिळाले म्हणून एकाच मापाचे दोनशे खोके मी आणले होते, पंचवीस सेंटिमीटर लांब, वीस रुंद, दहा उंच. लांबी, रुंदी, उंची गुणून पाच हजाराने भागतात, आणि ते आकारी वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त भरलं तर त्याचेच पैसे लावतात. पंचवीस गुणिले वीस गुणिले दहा म्हणजे बरोबर पाच हजार. भागून आलं एक किलो. दोनशे ग्रॅम सोलांबरोबर मी आठशे ग्रॅम हवा महाराष्ट्राबाहेर पाठवत होते. तो दोष बाजाराचा नव्हता. नियम पहिल्या दिवसापासून लिहिलेला होता, मी कमिशनचं पान वाचलं आणि वजनाचं वाचलं नाही.

खोके सोडले. चपटी, जाड, झिप असलेली पाकिटं आणि वरून कुरिअरची पिशवी असं सुरू केलं. चारशे ग्रॅमचं पाकीट केलं, म्हणजे सगळं मिळून पाचशेच्या आत राहतं आणि एकाच वाहतुकीत दुप्पट माल जातो. आगळ ऑनलाइन बंद केलं. सासूबाईंना ते आवडलं नाही, आगळावर त्यांचा जीव. पण बंद करायला दुसरंही कारण होतं.

आगळ म्हणजे खारवलेला रस. त्यात साखर नसते. सोलकढीला, कढीला, आमटीला चमचाभर घालायचं. बाहेरच्या लोकांना कोकम म्हटलं की लाल गोड सरबत आठवतं. त्यांनी आगळ पाण्यात ओतून प्यायलं आणि लिहिलं, ‘अतिशय खारट, फसवणूक.’ त्यांची चूक नाही. बाजाराच्या वेबसाइटवरच्या माझ्या पानावर कुठेही लिहिलेलं नव्हतं की हे सरबत नाही. आपल्या घरात जे लहान मुलालाही माहीत आहे ते परक्याला सांगावं लागतं, हे मला इतकं उशिरा सुचावं याचं अजून वाईट वाटतं. वर रोख पैसे देऊन घ्यायच्या ऑर्डरी. दारात पार्सल आलं की माणूस नको म्हणतो आणि बाटली पुन्हा अर्धा देश फिरून येते. एक बाटली चोवीस दिवसांनी परत आली, बूच सैल झालेलं, खोका लाल भिजलेला. जाण्यायेण्याचं भाडं आमच्याकडून कापलेलं. ऑर्डर आली म्हणजे विक्री झाली, असं मी वहीत लिहीत होते. आता माल पोचून परत करायची मुदत संपल्यावरच मी तो आकडा विक्रीच्या रकान्यात घेते.

‘घरबसल्या व्यवसाय’ हा शब्दही मला आता खटकतो. आमच्या गावात पार्सल उचलायला कुणी येत नाही. ऑर्डर आल्यापासून ठरावीक वेळात माल रवाना झाला नाही तर विक्रेत्याचा दर्जा घसरतो. जुलैत रात्रभर लाइट नसते, मोबाइलचा टॉवर बंद पडतो, व्हाळाला पाणी आलं की रस्ता बंद होतो. मी स्कूटरवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली सहा पार्सलं घेऊन चौदा किलोमीटर कुडाळला गेलेय आणि तिथे गाडी निघून गेलेली बघून परत आलेय. शेवटी जून ते ऑगस्ट रवाना करायची मुदत वाढवून ठेवायला शिकले. ऑर्डरी कमी येतात, पण वचन पाळता येतं.

डिसेंबर २०२२ मध्ये जे झालं त्याने मात्र मी धंदाच सोडायच्या बेतात होते. एका ग्राहकाने फोटो पाठवला. सोलांवर पांढरे कण. ‘बुरशी आलेला माल पाठवला.’ पैसे त्यांना लगेच परत गेले, मला कुणी विचारलंही नाही. चार दिवसांनी दुसरी तशीच तक्रार. पाचव्या दिवशी सकाळी बघते तर पान बंद, कारण ‘अन्नसुरक्षा’. मी फोटो सासूबाईंना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि फोन परत दिला.

“ता मीठ आसा गो. बुरशी नाय.”

मला ते माहीत होतंच. पावसाळी हवेत सोलां चिकट होतात, आणि थंडीत हवा कोरडी झाली की मीठ बाहेर येऊन बसतं. कण पाण्यात विरघळतात, बोटाला खरखर लागतात. बुरशी कापसासारखी असते आणि तिला वास येतो. हे मी इंग्रजीत, हिंदीत, फोटोंसह पाच वेळा लिहून पाठवलं. प्रत्येक वेळी तेच ठरीव उत्तर आलं: प्रयोगशाळेचा अहवाल जोडा. त्या बाजूला माणूस आहे की नाही हेच कळेना. कोल्हापूरच्या एका मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना पाठवला, साडेतीन हजार रुपये भरले. बावीस दिवसांनी पान उघडलं. तोवर नाव शोधात इतकं खाली गेलं होतं की आधीच्या जागेवर यायला होळी उजाडली.

त्या बावीस दिवसांत मी चिडून सासूबाईंना म्हटलं, “आई, लोकांना मीठ आणि बुरशी यातला फरक कळत नाही, त्याला आपण काय करणार?”

त्या रातांब्याच्या बिया कुटत होत्या, मुठेलासाठी, म्हणजे बियांच्या घट्ट तेलासाठी. हात न थांबवता म्हणाल्या, “लोकांका म्हायत नाय, तर सांगूक होया.”

पानावर तिसरा फोटो तेव्हापासून मिठाचा आहे. एका बाजूला पांढरे कण आलेलं सोल, दुसऱ्या बाजूला तेच पाण्यात धुतलेलं. खाली तीन ओळी. पाकिटावरही तेच छापलंय. बुरशीची तक्रार त्यानंतर एकदाच आली.

याच काळात मी एक चूक केली, तीही लिहिते. तक्रार थेट माझ्याकडे आली असती तर मी फोनवर समजावलं असतं, असं वाटून पाकिटात छोटी चिठ्ठी घालायला लागले: ‘काही अडचण असल्यास या नंबरवर बोला, पुढची ऑर्डर थेट द्या.’ पंधरा दिवसांत बाजाराची ताकीद आली. लेबलावर तक्रारीचा नंबर कायद्याने लागतो, पण ग्राहकाला बाजाराबाहेर वळवायला मनाई आहे, आणि मी मान्य केलेल्या अटींत ते होतं. आपण विकलं म्हणजे ग्राहक आपला झाला, ही समजूत त्या दिवशी गेली. कोणाला काय विकलं ते बाजाराला माहीत असतं, मला फक्त पार्सलवरचा पत्ता दिसतो. नातेवाइकांकडून चांगले शेरे लिहून घ्यायचा सल्लाही खूप जण देतात. आमच्या चुलत दिराने लिहिलेले दोन शेरे काढले गेले. तसं करूच नये, खऱ्या ग्राहकाचा तीन ताऱ्यांचा शेरा त्यापेक्षा कामाचा. ‘चव उत्तम, पण बिया सापडल्या’ असं एका बाईंनी लिहिलं आणि आम्ही निवडायची पद्धत बदलली.

पानही आपलं नसतं. २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्याच फोटोंखाली दुसरा विक्रेता वीस रुपये कमी भावाने दिसायला लागला. माल त्याचा, फोटो आमचे, आणि त्याच्या मालाबद्दलचे वाईट शेरे आमच्या पानावर. नावाची ट्रेडमार्क नोंदणी असती तर दाद मागता आली असती. ती नव्हती. वैयक्तिक अर्जाला एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये फी आहे, आम्ही तेव्हा अर्ज केला. मधल्या काळात मी वेगळ्या पाकिटाचं नवं पान केलं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, मग आपोआप संरक्षण मिळेल असंही मला वाटलं होतं. मानांकन प्रदेशाच्या मालाला असतं. ते चिन्ह लावायचं तर प्रत्येक उत्पादकाने चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. बचत गटातल्या आम्ही सात जणी त्याच्या कागदपत्रांच्या मागे आहोत.

तर ते अडीचशे रुपये. तीन वर्षांच्या वह्या मी यंदा मार्चमध्ये एकत्र मांडल्या. वाहतूक, शुल्कं, जाहिरात, परत आलेला माल, कर सल्लागारांची फी, कुडाळच्या फेऱ्यांचं पेट्रोल वजा केलं. किलोमागे व्यापाऱ्यापेक्षा सत्तर-ऐंशी रुपये जास्त सुटतात, तेही फक्त निवडलेल्या, एकसारख्या सोलांवर. माझे आणि नवऱ्याचे तास त्यात धरलेले नाहीत. सत्तर-ऐंशी रुपये आमच्यासाठी लहान नाहीत, त्यातून गेल्या वर्षी पत्र्याची वाळवणाची शेड झाली. पण व्यापाऱ्याबद्दल मी बैठकीत जे बोलले होते ते मला मागे घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलं. तो अंगणात येतो, रोख मोजतो, बारकी-मोठी सगळी सोलां एकाच काट्यावर घेतो, आणि ओली निघाली तर ते नुकसान त्याचं. निवडणं, साठवणं, पोचवणं, परत येणं, तक्रार ऐकणं ही सगळी कामं होतीच. ती तो आणि त्याच्या पुढचे लोक करत होते. ऑनलाइनला गेल्यावर त्यातली निम्मी माझ्या अंगावर आली आणि निम्म्यांचे पैसे बाजार कापून घेतो. व्यापारी भाव पाडतो हेही खरं आहे, आणि आता माझ्या हातात दुसरा भाव असल्याने त्याला तो तितका पाडता येत नाही. गेल्या वर्षी त्याने किलोला एकशे ऐंशी दिले.

या मे महिन्यात सासूबाईंनी अंगणात तीन टोपल्या ठेवल्या होत्या. एकीत मोठी, अख्खी, गडद सोलां ऑनलाइनसाठी. दुसरीत चाकरमान्यांची, नावं सांगून बाजूला काढलेली. तिसरीत तुटकी आणि फिकी. व्यापारी आला, तिसऱ्या टोपलीत हात घालून त्याने मूठ वर घेतली आणि वास घेतला. नवऱ्याने काटा आणला. बेचाळीस किलो भरली. पैसे त्याने ओट्यावर मोजून दिले, सासूबाईंनी पुन्हा मोजले, आणि मी वहीत त्याच दिवसाच्या तारखेला विक्रीच्या रकान्यात आकडा लिहिला.